ट्यूब्यूलला मार बसला म्हणजे नक्की काय झालं? किडनीच्या पेशी आणि त्यांचं इंधन

जुनी_बायोकेम, मांजलपूर
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ७१) इथे वडोदऱ्यात ॲडमिट केलं त्याला आज सहा दिवस झाले आणि तेव्हापासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. झालं असं की मे महिना, बाहेर त्रेचाळीस डिग्री, नात्यातलं लग्न, दोन दिवस बाहेरचं जेवण, आणि मग जुलाब-उलट्या. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक सकाळ-संध्याकाळ चालूच होती, बीपीची गोळी पण चालू, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असतं ना ती. जुलाब असताना या बंद ठेवा असं आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं, ना लिहून देणाऱ्यांनी ना विकणाऱ्यांनी, याचं मला फार वाईट वाटतं. तिसऱ्या दिवशी लघवी दिवसभरात अर्धा कप. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी नीट गाळत नसली की वाढतो) १.१ होतं ते ४.६. डॉक्टर म्हणाले, "फिल्टर ठीक आहे, ट्यूब्यूलला मार बसलाय, त्या पेशींना ऑक्सिजन कमी पडला."

आई विचारते, किडनीला कसला आलाय ऑक्सिजन, ती काय फुप्फुस आहे का. घरात मी एकटीच एमएसयूतून (इथलं सयाजीराव विद्यापीठ) बायोकेमिस्ट्री केलेली, तेही पंचवीस वर्षांपूर्वी, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून जुनं जुनं आठवलं, नवीन वाचलं, आणि आता इथे लिहितेय कारण एवढं साधं कुणीतरी आपल्या भाषेत लिहून ठेवायला हवं होतं.

किडनी म्हटलं की आपण चाळणी म्हणतो. पण गाळण्याचं काम हृदयाच्या प्रेशरवर होऊन जातं, त्यात किडनीचं स्वतःचं फारसं काही खर्च होत नाही. खरी मेहनत पुढे आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळून नळ्यांमध्ये सोडतात, म्हणजे वीस लिटरचे नऊ जार. बाहेर पडते फक्त दीड-दोन लिटर लघवी. बाकीचं सगळं परत रक्तात घ्यायचं. त्या १८० लिटरमध्ये मीठच जवळजवळ दीड किलो असतं आणि साखर १८० ग्रॅम. रोज. हे सगळं परत उचलणाऱ्या ज्या पेशी त्या नळीच्या भिंतीत एका ओळीत बसलेल्या असतात त्याच ट्यूब्यूलच्या पेशी.

उचलतात कशा तर पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पंप असतात, सोडियम-पोटॅशियम पंप. एक एटीपी (पेशीचं तयार इंधन) जाळायचा, तीन सोडियम बाहेर ढकलायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे. परत तेच, परत तेच. आतलं सोडियम असं कमी ठेवलं की नळीतलं सोडियम आपोआप आत घुसू पाहतं आणि येताना साखर, अमिनो आम्लं यांना हाताला धरून आणतं. पाणी मागोमाग. म्हणजे साखर उचलायला वेगळं बिल नाही, सगळं बिल त्या एका पंपाच्या नावावर. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायाच्या नसांवर काम करताना दाखवला आणि नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

आता ऑक्सिजन. दोन्ही किडन्यांचं वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच तिथे जातो आणि शरीर आराम करत असताना जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला ७ ते १० टक्के या दोघी खातात. त्यातला बहुतेक सगळा, साधारण ८० टक्के, सोडियम उचलण्यात. मायक्रोस्कोपखाली या पेशी बघितल्यात का कधी? खालची कड अशी रेघारेघांची दिसते. ते रक्ताकडच्या बाजूच्या आवरणाला पडलेल्या घड्या, आणि प्रत्येक दोन घड्यांच्या मध्ये एकेक लांबट मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणारी पेशीतली भट्टी) उभा, पंपाला अगदी चिकटून. तिथेच शिजवायचं तिथेच वाढायचं.

आईला सांगितलं, ती गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे रात्री आपण झोपलो तरी यांचं चालूच."

रावपुरा_काका
ताई, आधी बाबांना लवकर बरं वाटो. तुमचं वाचून मला ऑगस्ट २०२४ चा पूर आठवला. विश्वामित्री घुसली आणि आमच्याकडे लाइट गेली ती तीन दिवस. खालची टाकी काठोकाठ पण वर नळाला टिपूस नाही, कारण मोटरच बंद. पाणी आहे, पाइप धड आहेत, टाकी धड आहे, फक्त मोटरला करंट नाही. किडनीचं असंच झालं म्हणायचं का?

जुनी_बायोकेम
काका, अगदी. फक्त एक फरक फार मोठा आहे, तुमच्याकडे वरच्या टाकीत थोडं तरी पाणी उरलं असेल, या पेशींकडे एटीपीचा साठा म्हणावा असा नसतोच. रक्त थांबलं की काही मिनिटांत एटीपी अर्ध्याच्याही खाली येतो. जेवढं बनेल तेवढं लगेच खर्च, हातावर पोट.

बारावी_बी_ग्रुप
ताई एक डाउट. बोर्डात आम्हाला शिकवलं की ऑक्सिजन नसला तर ग्लायकोलिसिसने ग्लुकोजपासून थोडा एटीपी बनतो, धावताना मसल्समध्ये बनतो तसा. आणि या पेशींमधून तर १८० ग्रॅम ग्लुकोज रोज जातंय. मग ऑक्सिजन कमी पडला तर ते खाऊन का नाही भागवत?

जुनी_बायोकेम
किती सुंदर प्रश्न विचारलास रे! हेच मला स्वतःला शिकताना सर्वात जास्त चकित करून गेलं होतं. नळीच्या पहिल्या भागातल्या पेशी (प्रॉक्झिमल ट्यूब्यूल, सोडियमचा जवळजवळ दोन तृतीयांश भार याच उचलतात) ग्लुकोज उचलतात आणि दुसऱ्या दाराने रक्तात सोडून देतात, स्वतः जवळपास खातच नाहीत. ग्लुकोज वापरायला लागणारं पहिलं एन्झाइम हेक्सोकायनेज, तेच त्यांच्यात फार कमी. हलवायाच्या कारागिराने दिवसभर जलेबी तळावी आणि डबा मात्र घरून भाकरीचा आणावा तसं.

त्यांचं खरं जेवण म्हणजे फॅटी ॲसिड. त्याशिवाय लॅक्टेट, ग्लुटामीन (एक अमिनो आम्ल), उपवासात कीटोन (शरीरातली चरबी मोडून बनतात ते). फॅटी ॲसिड म्हणजे भरभक्कम इंधन, एका पामिटिक आम्लातून १०६ एटीपी मिळतात, ग्लुकोजच्या एका रेणूतून ३०-३२. पण अट अशी की फॅट जाळायला ऑक्सिजन हवाच हवा, आणि एटीपीमागे ग्लुकोजपेक्षा थोडा जास्तच लागतो. फॅटचं ग्लायकोलिसिस नसतं. म्हणजे जोपर्यंत रक्त भरपूर येतंय तोपर्यंत यांच्यासारखं राबणारं कोणी नाही, आणि ज्या क्षणी रक्त कमी त्या क्षणी यांच्याकडे दुसरी वाट नाही.

आणखी ऐक, याच पेशी उलट ग्लुकोज तयार करतात! लॅक्टेट आणि ग्लुटामीनपासून. लिव्हर एकटं करतं असं आपण पाठ करतो पण लांबलेल्या उपाशीपणात किडनीचा वाटा बराच वाढतो. ग्लुटामीन मोडताना जो अमोनिया निघतो त्याच्यावर बसवून शरीरातलं ॲसिड लघवीतून बाहेर काढायचं, आणि उरलेल्या सांगाड्याचं ग्लुकोज करायचं. एका दगडात दोन पक्षी.

आमचे सर वर्गात कौतुकाने सांगायचे की ऑक्सिजन वापरताना फॉस्फेट जोडलं जातं (एटीपी बनतो तो असाच), म्हणजे आज ज्याला ऑक्सिडेटिव्ह फॉस्फोरिलेशन म्हणतो, ते हरमन काल्कर यांनी १९३० च्या दशकात कोपनहेगनला दाखवलं ते किडनीच्या कॉर्टेक्सवरच, म्हणजे बाहेरच्या थरावर. का किडनी, तर एवढा ऑक्सिजन ओढणारं टिश्यू दुसरं कुठे मिळणार.

वाडीवाली_सून
मला एक कळलं नाही. रक्ताचा पाचवा हिस्सा मिळतोय, म्हणजे भरपूर मिळतंय ना? मग एवढ्याशा जुलाबाने कमी कसं पडलं?

सयाजीगंज_फिजिशियन
मी इथे क्वचित लिहितो पण हा प्रश्न पेशंटच्या नातेवाइकांना समजला पाहिजे म्हणून लिहितो. किडनीला रक्त भरपूर मिळतं पण आत वाटणी फार विषम आहे. ९० टक्क्यांहून जास्त रक्त बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्येच फिरतं. आतल्या मेड्युलाला उरलंसुरलं. कॉर्टेक्समध्ये ऑक्सिजनचा दाब ५० मिमीच्या आसपास तर मेड्युलात १० ते २०. आतल्या बारीक रक्तवाहिन्या हेअरपिनसारख्या जाऊन परत येतात, त्यामुळे उतरतानाच ऑक्सिजन शेजारच्या चढत्या वाहिनीत सटकतो आणि तळापर्यंत कमीच पोचतो.

हे असं का ठेवलंय तर लघवी घट्ट करता यावी म्हणून. मेड्युलात मीठ साठवून ठेवावं लागतं, तिथे रक्त जोरात वाहिलं तर ते मीठ धुऊन जाईल. वाळवंटातही माणूस जगतो ते याच सोयीमुळे. पण त्याची किंमत अशी की हेन्लेच्या लूपची (नळीचा खाली उतरून परत वर येणारा भाग) जाड चढती बाजू, जी मीठ उपसायचं अत्यंत जड काम करते, ती आणि प्रॉक्झिमल ट्यूब्यूलचा शेवटचा सरळ तुकडा, हे दोघे नेमके त्या कमी ऑक्सिजनच्या सीमेवर बसलेत. तिथे आलेल्या ऑक्सिजनपैकी ८० टक्क्यांच्या आसपास रोज, तब्येत ठणठणीत असतानाही, वापरला जातो. शिल्लक नाहीच. लूपची पेशी निदान ग्लुकोजवर थोडा वेळ ढकलू शकते. तो सरळ तुकडा नाही ढकलू शकत. म्हणून बहुतेक वेळा पहिला मार त्यालाच.

आता ताईंच्या वडिलांचं बघा. जुलाबाने पाणी गेलं, प्रेशर खाली. अशा वेळी किडनी स्वतः प्रोस्टाग्लँडिन बनवून आपल्या वाहिन्या उघड्या ठेवते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या पेनकिलर ते प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाहीत. टेल्मिसार्टनने फिल्टरच्या पुढची वाहिनी सैल, म्हणजे आतलं प्रेशर आणखी उतरलं. लघवीच्या औषधाने उरलेलं पाणी बाहेर. तिन्ही औषधं एरवी आपापल्या जागी ठीक असतात, एकत्र आणि कोरड्या शरीरात मात्र घात करतात. दर उन्हाळ्यात मी अशा केसेस बघतो आणि दर वेळी जीव तुटतो, कारण दोन दिवस आधी फोन करून विचारलं असतं तर पुष्कळ टळलं असतं.

स्लाइडवाला
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, अठरा वर्षं लघवीच्या स्लाइड बघतोय. डॉक्टर म्हणतात ट्यूब्यूलला मार, तो मार मला डोळ्यांनी दिसतो. सेंट्रिफ्यूज करून तळाचा थेंब स्लाइडवर घेतला की मातकट तपकिरी, खडबडीत कास्ट दिसतात, नळीच्याच आकाराचे, जसं काही ओल्या मातीचे छोटे सिलिंडर. बाजूला सुट्या पेशी, गोल, फुगलेल्या, मधोमध मोठा न्यूक्लियस. या त्याच पेशी ज्या कालपर्यंत भिंतीत ओळीने बसून काम करत होत्या. तसा कास्ट दिसला की मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाही, सरळ वॉर्डला फोन करतो.

जुनी_बायोकेम
दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. बाबांच्या रिपोर्टमध्ये हेच लिहिलं होतं.

हे सुटतात कसे तेही सांगते. एटीपी संपला की पंप थांबतो, सोडियम आत साठतं, मागे पाणी शिरतं, पेशी फुगते. नळीकडच्या बाजूचा तो सुंदर ब्रशसारखा काठ झडतो. आणि पेशीला खाली-वर ही दिशाच राहत नाही, रक्ताच्या बाजूचे पंप सरकत सरकत भलत्या बाजूला जातात, म्हणजे पंप असला तरी कामाचा नाही. पकड सुटते, पेशी नळीत पडते, नळी तुंबते.

यातला एक भाग मात्र मला शरीराच्या शहाणपणाचा वाटतो. नळीच्या पुढच्या टोकाला मॅक्युला डेन्सा नावाच्या थोड्या पेशी फिल्टरला चिकटून बसतात आणि किती मीठ निसटून पुढे आलं ते चाखत असतात. मागचे पंप थांबले की मीठ जास्त येतं, ते कळताच त्या फिल्टरची तोटी आवळतात. लघवी कमी होण्यामागे हेही असतं. आता विचार करा, ही तोटी आवळली नसती तर? मिनिटाला १२५ मिली गाळलं जातंय, रक्तातलं प्लाझ्मा साधारण तीन लिटर, परत घेणारं कोणी नाही. पंचवीस मिनिटांत माणूस रिकामा. बाबांची लघवी अर्धा कप झाली तेव्हा आम्ही हवालदिल झालो होतो, पण तो अर्धा कप त्यांना वाचवत पण होता.

दांडियाबाजार_दिलीप
आमच्याकडे किडनीला त्रास झाला की जवाचं पाणी, धण्याचं पाणी, दिवसाला पाच लिटर पाजतात, किडनी धुऊन निघते म्हणे. ताईंनी करून बघावं.

डायलिसिस_सिस्टर
दिलीपभाई, तुमची कळकळ कळते पण कृपा करून हे करू नका. लघवी अर्धा कप होत असताना पाच लिटर पाजलं तर ते पाणी पायात आणि मग फुप्फुसात जातं, रात्री दोन वाजता धापा टाकत आणलेले असे पेशंट मी सांभाळलेत. सुरुवातीला सुकलेल्या माणसाला पाणी-सलाइन हवंच, पण किती आणि कधी थांबवायचं ते लघवी मोजून ठरतं. ताई, लघवी मोजायच्या जगवर मार्करने रेघा मारल्यात ना? आणि रोज सकाळी त्याच काट्यावर वजन. नारळपाणी, केळी, मोसंबी सध्या बंद, पोटॅशियम वर असेल.

आणि धुऊन निघण्याबद्दल एक, तुमच्याच धाग्यातून शिकले ते, किडनीचा खर्च पाण्यावर नाही मिठावर होतो. पाणी तर मागून फुकट येतं.

जुनी_बायोकेम
हो सिस्टर, प्लास्टिकचा एक लिटरचा जग, शंभर-शंभरवर रेघा. रोज वहीत लिहितो.

रावपुरा_काका
माझं अजून एक. मला डायबिटीस पंधरा वर्षं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं, म्हणाले साखरेपेक्षा किडनीसाठी देतोय. लघवीतून साखर जाते म्हणून मी घाबरून होतो. हे या एनर्जीच्या हिशोबात बसतं का?

सयाजीगंज_फिजिशियन
बसतं काका. साखर आणि सोडियम एकत्र उचलणारा जो वाहक, एसजीएलटी-२, तो गाळलेल्या साखरेपैकी ९० टक्के उचलतो. डायबिटीसमध्ये गाळली जाणारी साखरच जास्त, मग वाहकही वाढतात, साखरेबरोबर सोडियमही जास्त येतं आणि ते बाहेर टाकायला पंपाला जास्त एटीपी, जास्त ऑक्सिजन. पुढे मॅक्युला डेन्साला मीठ कमी पोचतं, तिला वाटतं गाळणं कमी झालं, ती तोटी सैल सोडते, फिल्टरवर प्रेशर वाढतं. वर्षानुवर्षं हेच. तुमची गोळी त्या वाहकाला अडवते, कॉर्टेक्समधल्या पेशींचा भार हलका होतो आणि तोटी पुन्हा थोडी आवळते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन जरासं वर दिसतं, घाबरून बंद करू नका. थोडं काम नळीच्या पुढच्या भागावर सरकतं हेही खरं, सगळं फायद्याचंच असं शरीरात नसतं. २०२० च्या डापा-सीकेडी ट्रायलमध्ये डायबिटीस नसलेल्या किडनी पेशंटनाही फायदा दिसला. त्याच वर्षी भारतात पेटंट संपलं आणि गोळी पुष्कळ स्वस्त झाली.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन काढलं होतं, साखरेचा वाहक अडवणारं तेच पहिलं, या सगळ्या गोळ्या त्याच वळणाच्या.

वडोदऱ्यात आहात म्हणून मुद्दाम सांगतो. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास आणि रात्री एकपर्यंत गरबा करणार असाल तर आधी दाखवून जा. या गोळीवर उपाशी राहून कीटोन चढू शकतात, आणि साखर दीडशे-दोनशेच दिसते म्हणून कुणाला शंकाही येत नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर ही पण थांबवायची आणि फोन करायचा.

रावपुरा_काका
मी गरबा करत नाही पण उपवास करतो. बरं झालं विचारलं. उद्याच फोन करतो.

बारावी_बी_ग्रुप
मग सर, पेशी थकल्यात तर त्यांचं काम औषधाने बंद करून आराम देता येईल ना? फ्युरोसेमाइड लूपचा वाहक बंद करतं असं शिकलोय.

सयाजीगंज_फिजिशियन
लॉजिक बरोबर आहे बेटा. फ्युरोसेमाइड दिल्यावर मेड्युलात ऑक्सिजन वाढतो हे एमआरआयवर दिसलंय. पण त्याने पेशंटची किडनी वाचते असं ट्रायलमध्ये निघालं नाही. अंगात पाणी साठलं तर देतो, आराम म्हणून नाही. डॉक्टर होशील तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेव.

जुनी_बायोकेम
दहावा दिवस. काल चोवीस तासांत २९०० मिली! जग तीनदा भरला. क्रिएटिनिन २.८. आई देवापुढे साखर ठेवून आली पण मला आता वेगळीच काळजी, एवढी लघवी, तीही पाण्यासारखी, पोटॅशियम ३.२ पर्यंत खाली आलंय. हे का होतंय?

सयाजीगंज_फिजिशियन
ताई, ही चांगली खूण आहे. ज्या पेशी वाचल्या त्या चपट्या होऊन उघड्या जागेवर पसरल्या, मग दुभागल्या, भिंत पुन्हा भरतेय. पण नव्या पेशीत ब्रशचा काठ तोकडा, मायटोकॉन्ड्रिया कमी, पंप अजून पुरते जागेवर नाहीत. फिल्टरची तोटी उघडली आणि उचलणारे हात अजून कच्चे, म्हणून पाणी, मीठ, पोटॅशियम सगळं निसटतंय. आता जेवढं जातंय त्याचा हिशोब ठेवून भरून द्यावं लागेल, मी तिथल्या डॉक्टरांच्या जागी असतो तर रोज सोडियम-पोटॅशियम बघितलं असतं.

आणि घरी गेल्यावर विसरू नका. काही पेशी फॅट जाळायचं काम नीट परत सुरू करत नाहीत, आत फॅटचे थेंब साठतात आणि तिथे हळूहळू वण पडतो, २०१५ च्या एका संशोधनात हे छान दाखवलंय. म्हणून तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन परत तपासा, तब्येत कितीही छान वाटली तरी. पेनकिलरची चिठ्ठी घरातून फाडून टाका.

जुनी_बायोकेम
फाडली. फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद लावलाय, जुलाब, उलट्या, ताप असला की कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि कुणाला फोन करायचा, डॉक्टरांकडून लिहून घेऊन.

आज दुपारी राउंडला डॉक्टरांनी केळ्याला परवानगी दिली. अर्धंच. दहा दिवस बाबा शेजारच्या कॉटवरच्या माणसाचं फळ बघत होते. सोललं, हातात दिलं, त्यांनी आधी आईला विचारलं तू खाल्लंस का. उद्या सकाळी सहाला परत रक्त घ्यायला येणारेत.